पोहणं नसलेली शर्यत

बाबा, आज सकाळी मी आपल्या गावातून धावलो आणि मला कोणी ओळखलं नाही. छातीवर नंबर, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर तो नारिंगी काचांचा गॉगल. तू असतास तर म्हणाला असतास, ह्यो काय सोंग? शर्यतीचं नाव ड्युएथलॉन. आधी पाच किलोमीटर धावायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग सायकल जागेवर लावून परत अडीच किलोमीटर धावायचं. पाऊस संपला की या शर्यती सुरू होतात, आणि ही सीझनची पहिली होती. तुमच्या होड्या बाहेर पडतात त्याच्या थोडं मागेपुढे. तुमचाही सीझन तेव्हाच, आमचाही तेव्हाच, फक्त आम्ही एवढं दमून घरी काहीच आणत नाही. मेडल देतात, पण त्याचं कालवण होत नाही.

मी आता विरारला राहतो, सातव्या मजल्यावर. तू गेल्यावर दोन वर्षांनी आईने घर विकलं आणि आम्ही इथे आलो, आणि आता आई बोईसरला ताईकडे असते, ताईच्या मुलांमुळे. म्हणजे मी एकटाच. काम लॅपटॉपवर, घरातूनच, त्यामुळे कधीकधी दोन दोन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. शर्यतीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: काही झालं तर कोणाला कळवायचं. आईचा नंबर लिहिला तर ती घाबरणार, आणि बोईसरहून येणार तरी कशी. मी बराच वेळ फोन चाळत बसलो. मग खाली गेलो आणि बिल्डिंगच्या वॉचमनचा नंबर मागितला. तो म्हणाला, "साब, आपको क्या होनेवाला है?" मी म्हटलं, काही नाही, फक्त लिहायला पाहिजे. त्याने नंबर दिला, वर विचारलं, फोन आला तर मी नेमकं काय करू? मी नंबर फॉर्मवर उतरवला.

मला ही शर्यत पूर्ण करायचीच होती. मागच्या सीझनला दोन अर्धवट सोडल्या. एमए अर्धवट सोडलं, नोकऱ्या सोडल्या, एक मुलगी होती, ती कंटाळून गेली. लिहायला घेतलेलं तर काय, ढीग पडलाय. म्हटलं एक गोष्ट तरी सुरू करून संपवायची, तीही आपल्याच रस्त्यावर. वेळेची मर्यादा सव्वादोन तास. त्याच्या आत आला तो आला, नाहीतर तो नव्हताच.

सुरुवातीच्या रेषेपाशी सगळ्यांचं कोणी ना कोणी. कोणाची बायको, कोणाची आई केळी सोलून हातात देतेय, कोणाचे मित्र उगाच ओरडतायत. माझ्या शेजारी मीरा रोडचा एक मुलगा, नेहमी शर्यतीत भेटतो तेवढीच ओळख. तो म्हणाला, "भावा, तू ट्रायथलॉन का नाय करत? तू तर कोळी ना? स्विमिंग तर तुम्हाला जन्मतः फ्री मिळतं."

"येत नाही मला पोहायला."

"काय सांगतोस! इथल्याच बंदरावरचा ना तू?"

"बाबांनी शिकवलं नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते दात घासल्यासारखं आपोआप येतं. तो हसला, बाजूचे दोघे हसले, मी पण हसलो. मग भोंगा वाजला.

पहिले पाच किलोमीटर धावताना मी तुझ्यावर चिडलेलो होतो. धावताना मला कोणीतरी लागतं चिडायला, आणि बहुतेक वेळा तूच असतोस. मी दहा वर्षांचा आहे, शाळेला सुट्टी आहे, होडी पाण्यात ढकलतायत आणि पोरं एकमेकांना चिडवत होडीत उड्या मारतायत. मी पण मारतो. काठावरून तू येतोस, गुडघाभर पाण्यातून, आणि सगळ्यांच्या समोर माझी कॉलर धरून मला उचलून वाळूत ठेवतोस. मारत नाहीस. मोठ्याने म्हणतोस, "ह्याला पान्यात न्याचा नाय, सांगून ठेवतो! ह्याला मी पुस्तकात घातलाय!" त्यानंतर शाळा संपेपर्यंत पोरं मला पुस्तक म्हणायची. ए पुस्तक, तुझा बाप तुला भिजवत नाय का रे? ए पुस्तक, पानी बघ, पानं फुगतील!

त्या संध्याकाळी मी जेवायला तयार नव्हतो. आई चुलीपाशी, म्हणजे गॅस आला होता पण ती त्याला चूलच म्हणायची. तू माझ्या समोर मांडी घालून बसलास आणि माशाचे काटे काढायला लागलास. मान खाली, एकेक काटा ताटाच्या कडेला. मला तुझ्या मानेवरच्या त्या चार पांढऱ्या रेघा दिसत होत्या, कानाच्या मागून खांद्यापर्यंत. मी रुसलेलो होतो तरी विचारलं, हे काय? तू वर न बघता म्हणालास, "जाल्याची दोरी लागली." आणि घास पुढे केलास.

धावणं संपलं. सायकलवर बसल्यावर मात्र तुझ्यावर चिडता येत नाही. सायकल तू दिलेली आहे. ही नाही, ही गिअरची, मी घेतली. पण पहिली, माणिकपूरहून कोणाची तरी जुनी, काळी, मडगार्ड वाजणारी, ती तू टेम्पोत जाळ्यांच्या वर टाकून आणली होतीस आणि तिलाही माशांचा वास येत होता. ओहोटीला समुद्र मागे गेला की ओली वाळू कडक होते, त्यावर तू मला शिकवलंस. कॅरिअर धरून मागून धावत. लुंगी वर खोचलेली, दम लागलेला, आणि एकच वाक्य परत परत: "पडलास त वालूच हाय! पडलास त वालूच हाय!" तू हात कधी सोडलास ते मला कळलंच नाही. वळून पाहिलं तर तू लांब उभा, कमरेवर हात ठेवून. इतकं खूश मी तुला क्वचितच पाहिलं.

आज निर्मळ ओलांडून नंदाखालच्या वाड्यांपर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना केळी, वर नारळ, सकाळची सावली. एका फाटकात एक म्हातारी मावशी उभी होती, हातात झाडू. प्रत्येक सायकलवाल्याला ती ओरडून विचारत होती, "अरे कोणी मेलाय का रे? एवढे सगळे कुठे चाललात?" मी एकटाच हसलो असेन. बाकीच्यांच्या कानात काहीतरी घातलेलं होतं. परतीला वारा समोरून आला आणि मांड्या भरून आल्या, पण घड्याळ बघितलं तर वेळ होता. चांगला वेळ होता. मला पहिल्यांदा वाटलं की आज होणार.

सायकल लावली, शेवटचं धावणं सुरू केलं. सायकलवरून उतरून धावताना पाय आपले नसतात, बाबा. लाकडाचे असतात, आणि त्यांना स्वतःचं डोकं असतं. किल्ल्याच्या अलीकडे रस्ता फुटतो तिथे चुन्याने मोठा बाण काढला होता, डावीकडे, मैदानाकडे. मी तो बाण पाहिला. अगदी स्पष्ट पाहिला. आणि पाय उजवीकडे वळले, बंदराकडे. शाळेतून येताना वळायचे तसे. मला कळलंच नाही. वास बदलला, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला, कुत्रं भुंकलं, आणि मी अजून धावतोय, आणि माझ्या मागे आणखी दोन जण धावतायत, कारण त्यांनी बाण बघायच्या ऐवजी मला बघितलं.

आपलं घर आलं तेव्हा मी थांबलो. आता त्याला वर एक मजला आहे, पिस्ता रंग आहे. मागची मुलगी धापा टाकत थांबली, तिच्या मागे एक बँकेत असतात तसे पोट सुटलेले गृहस्थ.

"फिनिश कुठाय?" ती म्हणाली.

"सॉरी. रस्ता चुकला."

"तू लोकल आहेस ना? मघाशी रेषेपाशी तुमचं बोलणं ऐकलं मी."

"म्हणूनच चुकला."

तिला ते पटलं नाही. ते गृहस्थ नुसते "अरे यार, अरे यार" म्हणत कमरेत वाकले होते. मग दोघं वळली आणि आल्या रस्त्याने परत पळाली. मीही वळणार होतो. सतरा मिनिटं बाकी होती, दहा मिनिटांचं अंतर. तेवढ्यात ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीतून आवाज आला, "कं रे, कोन मागं लागलाय?"

काका. म्हणजे मी ज्यांना काका म्हणायचो ते, तुझ्या होडीवरचे, डाव्या हाताची करंगळी नसलेले. मांडीवर जाळं. मी गॉगल काढला, टोपी काढली. त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं, मग तुझं नाव घेतलं. माझं नाही, तुझं. "त्याचाच ना तू? धावतोस तसाच, पाय फाकून."

मी शर्यतीचं सांगितलं. ते म्हणाले, "पोवाचा नसतंय ना त्यात?"

"नाही काका. धावायचं नि सायकल. पोहायला कुठे येतं मला. बाबांनी शिकवलं नाही ना."

आलंच तोंडात, दात घासल्यासारखं. काकांनी सुई थांबवली. "कोन बोलला? शिकवाला नेलता की तुला. सा वर्सांचा असशील. तीन दिस नेला भरतीला. तू नुसता वरडायचास. तिसऱ्या दिशी बापाच्या मानेवर चढलास नि अशी नखं मारलीस, अशी, रगात येस्तोवर. मीच हलद लावली."

घड्याळ टिकटिक करत नाही, ते मनगटावर थरथरतं. ते थरथरलं. मी खाली वाळूत बसलो.

"तुला आठवत नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग आमाला सगल्यांना बोलवून बोलला, माज्या पोराला कोनी हसाचा नाय. कोनी इचारला त सांगाचा, बापच त्याला पान्यात घालत नाय. माजा नाव सांगा. आमी सांगत रायलो." ते परत सुई चालवायला लागले. "लोक त्यालाच हसायचे. कोली हाय नि पोराला दर्या दाखवत नाय. तो बोलायचा, हां, मीच नाय दाखवत."

बाबा, तू शेवटी खाटेवर होतास, उजवी बाजू गेलेली, शब्द नीट फुटत नव्हते. मी पंधरा वर्षांचा. आई औषध आणायला गेली होती. मी तुझ्या उशाशी उभा राहून तुला म्हणालो होतो की तू मला धड कोळीसुद्धा होऊ दिलं नाहीस. तुला दोन शब्द बोलायला पण मिनिट लागायचं. तू ते मिनिट घेतलंस आणि म्हणालास, "हां. मीच नाय दिला." त्या महिन्यात तू बोललेलं तेवढं एकच वाक्य मला पूर्ण कळलं.

मी काकांपाशी बसून राहिलो. वेळ होता, मला माहीत होतं वेळ आहे, आणि मी उठलो नाही. त्यांनी विचारलं, आई कशी आहे. त्यांनी विचारलं, लग्न केलंस का. त्यांनी विचारलं, राहतोस कुठे, आणि तिकडे वर हवा येते का, सातव्या मजल्यावर. तेरा वर्षांत मला कोणी हवेचं विचारलं नव्हतं. मग घड्याळ लांब एकदा थरथरलं आणि सव्वादोन तास झाले.

मी चालतच मैदानावर गेलो. शेवटची रेषा म्हणजे एक रबरी चटई असते, तिच्यावरून गेलं की नोंद होते. एक मुलगा ती गुंडाळत होता. वरची हवा भरलेली कमान अर्धी बसली होती, एका बाजूला डोकं टेकून झोपल्यासारखी. तो म्हणाला, "सर, तुमची नोंद नाय येणार." मी म्हटलं, चालेल. ती मुलगी पोचली होती वेळेत. तिची आई तिचे गाल पुसत होती. मला बघून ती जरा अवघडली, मग मेडल पुढे धरून म्हणाली, "आमचा एक फोटो काढशील?" मी काढला. दोघींची डोकी कापली जाऊ नयेत म्हणून मागे मागे जात दोन काढले.

सायकल घेऊन निघालो तेव्हा मीरा रोडवाला मागून ओरडला, "काय भावा, आपल्याच गावात हरवलास?" मी हात वर केला. पुढे रस्ता मोकळाच होता, पण विरारला यायला दुप्पट वेळ लागला. गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. "फोन नहीं आया, साब," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं असं दिसलं.

आता दुपार आहे. पाय खुर्चीवर ठेवून हे लिहितोय. पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहे. तुझा पत्ता अजून मला एकच पाठ आहे आणि तिथे पिस्ता रंगाच्या घरात दुसरी माणसं राहतात. ती उघडून वाचतील आणि म्हणतील, कोणाचा बाप, कोणाची मान. म्हणून ठेवतो इथेच.

फक्त एक राहिलं. काकांना मी म्हटलं की मला आठवत नाही. आठवतं, बाबा. नाकात गेलेलं पाणी आठवतं, तुझ्या केसांचा खारट वास आठवतो, माझ्या नखांखाली काहीतरी मऊ आलं होतं ते आठवतं. होडीतून तू मला उचललंस तेव्हा पोरांसमोर मी रडलो, पण आतून सुटलो होतो. आणि त्या संध्याकाळी तू दोरी लागली म्हणालास तेव्हा मी तुझ्या मानेकडे बघत हो म्हटलं, तो काटे काढलेला घास खाल्ला, आणि आणखी मागितला.