दोन दिवसांची सीनियॉरिटी

बन्सी,

आज मी कॅप्टन झालो. जागा एकच होती. तूच पेढे आणलेस आन म्हणालास, "सीनियर तू हायेस, हक तुझाच व्हय."

चिकलठाण्याला आडव्या वाऱ्यात विमान उतरवावं तर तूच. पण आपल्याकडं बढती आणि पगार हात बघून नाय, रुजू तारीख बघून मिळतो. मी दोन दिवस आधी रुजू झालो.

तुमच्या वस्तीवर पोस्टमन येत नव्हता. तुझं नेमणुकीचं पत्र माझ्या पत्रासोबत फुलंब्रीत आमच्या घरी आलं. मी ते दोन दिवस माझ्या पेटीत दाबून ठेवलं.

हे पत्रही त्याच पेटीत ठेवतोय. ते निदान दोन दिवसांनी तरी तुला मिळालं होतं.

तुझा सीनियर,
त्रिंबक