नदीकडच्या भिंतीची अट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त पाणीमापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा डोळा नाही, पण त्याला कायद्याची हरकत नसते, असे वकीलबाई म्हणतात. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मुलाला दिले होते. तेव्हा मला दोन्ही डोळे होते.

१. घर. आमची नदी म्हणजे दोन देशांची हद्द. करार असा होता की दोन्ही काठांवर मोजखांब असावा आणि प्रत्येकाने समोरचा खांब दुर्बिणीतून वाचावा, कारण स्वतःचा आकडा सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? पाणी उतरून लाल खुणेला टेकले की दोन्हीकडचे पंप बंद. सव्वीस वर्षे माझा खांब पलीकडच्या मापकाने वाचला, त्याचा मी.

मग 'आमची नदी, आमचे पाणी' सुरू झाले. एका उन्हाळ्यात पलीकडच्या मापकाने माझ्या खांबाचा आकडा खरा सांगितला, आमचे पंप थांबले आणि सकाळीच जमाव आला. लोहाराने घण घातला. मी खांबाला मिठी मारली, तेव्हा केस धरून फरफटवले, लाथांनी दोन बरगड्या मोडल्या. मागून मुलगा म्हणाला, "सोड तो खांब, आई." मी सोडला नाही. मग दगड आला. फेकणारा हात मी पाहिला. त्याच हाताला धरून मी त्याला चालायला शिकवले होते.

त्याच आठवड्यात पलीकडच्यांनी आपल्या मापकाचा जबडा फोडला. पंप बेफाम चालले. एकोणीस दिवसांत दोन्ही काठांच्या विहिरींना चिखल लागला, आणि हंडाभर पाण्यासाठी लोहाराच्या भावाला आमच्याच माणसांनी कुऱ्हाडीने तोडले.

त्यानंतर पाण्यात उतरलेल्या माझ्या घराच्या भिंतीवर मी मोजखांबाच्या खुणा रंगवल्या. शिडी लोहाराने धरली. पलीकडच्याने आपल्या गोठ्यावर रंगवल्या. आता करार नाही, पगार नाही. पंपवाले मात्र गुपचूप आकडा विचारून जातात.

घर मुलाला. भिंत रंगवू नये, झाकू नये. अट मोडल्यास घर लोहाराच्या विधवा भावजयीला जावे.

२. दुर्बीण सुनेला. मी पडून होते तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "आईंच्या खोलीत पाऊल टाकलंत तर पाय मोडून ठेवीन." तेव्हापासून आकडा तीच घेते. मी मरेन त्या दिवशी तिने आधी आकडा घ्यावा, रडणे नंतर. पलीकडच्या मापकाला शत्रूचा नागरिक म्हणून मला काही देता येत नाही. त्याला तेवढा आकडा पोचावा.

३. ट्रंकेत फडक्यात बांधलेला दगड आहे. तोही मुलाला. चार वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही, मीही नाही. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही, असे लोक सांगतात. त्यांचे डोळे जागेवर आहेत. माझा त्याच्यावर जीव आहे आणि राग तसूभर कमी नाही. घराचा ताबा घेण्याआधी त्याने हा दगड स्वतःच्या हाताने लाल खुणेवर सिमेंटमध्ये बसवावा. दगड उघडा पडला की पंप बंद करावेत, आणि पलीकडे हात वर करून तसे त्यानेच कळवावे.

व्यवस्थापक: वकीलबाई.
साक्षीदार: लोहार (खांब यानेच तोडला, म्हणून मुद्दाम बोलावला), टपालवाली.
सही: पाणीमापक
ठिकाण: नदीकडची खोली.
दिनांक: आज सकाळी. पाणी लाल खुणेच्या वर चार बोटे.