यापुढे माझं नाव छापा

अभयदादा,

तू दोहाला गेलास आणि साप्ताहिकातलं तुझं कबड्डीचं सदर बंद पडलं, असं तुला वाटतं. ते बंद पडलेलं नाही. वर्षभर आपल्या पुण्याच्या संघावर दर रविवारी मीच लिहिते आहे, तुझ्या नावाने. संपादकांना वाटायचं, तूच मजकूर पाठवतोस आणि मी फक्त पोचवते.

गेल्या आठवड्यात मी लिहिलं, की आपला नवा चढाईपटू प्रत्येक वेळी डावीकडूनच शिरतो, म्हणून पकडला जातो. संपादक संभाजीराव फोनवर म्हणाले, "अभयला आता खेळ कळायला लागलाय हो!" मला हसू आलं आणि रागही. दुसऱ्या दिवशी सरळ कसब्यातल्या त्यांच्या कचेरीत गेले.

"अहो, ते मी लिहिते. यापुढे माझं नाव छापा."

त्यांनी चष्मा काढला. "वाचकांना चालेल?"

"वर्षभर चाललंच की."

आज अंक आला. सदरावर माझं नाव आहे, हिरा ओव्हाळ.

तुझी माफी मागायला म्हणून हे पत्र लिहायला बसले, पण माफी मागण्यासारखं काही सापडेना. तेव्हा माफी राहू दे. पत्रासोबत तुला अंकच पाठवते.

शनिवारच्या सामन्याची वाट बघणारी,
हिरा