तुझा स्वतंत्र जावई

प्रिय आईस,

फ्रेस्नोहून वर्नाचा नमस्कार. मतचाचणीवाल्यांच्या फोनांपायी महिनाभर मला गरम कॉफी लाभलेली नाही, हे राष्ट्रीय संकट आधी कळवते. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा जावई रसेल गावभर सांगतो, "मी कुठल्याच पक्षाच्या दावणीचा नाही, स्वतंत्र आहे." मतदार नोंदणीतही त्याने ऐटीत 'स्वतंत्र'वर खूण केली. काल पक्षांचे उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीची मतपत्रिका आली, ज्याला त्याला आपापल्या पक्षाची, तेव्हा कळलं की त्या नावाचा एक चिमुकला पक्षच आहे. अध्यक्षपदासाठी त्याला हवी असलेली बाई त्याच्या मतपत्रिकेवर नाहीच.

"रसेल, दावण छान आहे हो," मी म्हटलं.

"वर्ना, तू कॉफी पी."

ती बाई माझ्याच पक्षाची, पण मला ढोंगी वाटते. तरी बाबांच्या शेवटच्या आजारात रसेल त्यांच्या उशाशी बसून राहिला होता. माझ्या मतपत्रिकेवर मी मुकाट्याने तिच्यापुढे खूण केली. त्याला सांगू नकोस.

तुझी,
वर्ना