आकृती वगळली आहे

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तुझा मोबाइल हे त्याच्या सपाट आवाजात तुला वाचून दाखवेल. मध्येच बंद करू नकोस, एवढंच मागणं.

आमच्या ग्रंथालयात सध्या दहावीची भूमिती अंध मुलांसाठी तयार करतेय. पानं स्कॅन झाली की यंत्र अक्षरं ओळखतं आणि त्याने घातलेले घोळ मी निस्तरते. ‘घ’चा ‘ध’ करायची त्याला भारी हौस. ‘धनाला सहा पृष्ठे असतात’ हे वाचून मी एकटीच खो खो हसत सुटले. घनाचं धन झालं होतं! तुझ्या वर्गात हा विनोद वर्षभर पुरला असता.

अक्षरं सुधारता येतात गं, पण आकृतीपाशी यंत्र गप्पच बसतं. आमचे साहेब म्हणाले, “‘आकृती वगळली आहे’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. परीक्षा तोंडावर आलीय.” पहिलं प्रकरण तसंच गेलं. ते ऐकून एक विद्यार्थिनी काठी टेकत थेट ऑफिसात आली. जन्मापासून अंध, आणि बोलणं असं की समोरच्याची बोलती बंद. “भूमितीतून आकृती वगळली तर उरलं काय? मुखपृष्ठ?” साहेब चष्मा पुसत बसले. मीच म्हटलं, सगळ्या आकृत्या शब्दांत लिहिते. साहेब म्हणाले, ढीगभर आहेत. म्हटलं, असू देत.

पहिली लिहून तिला वाचून दाखवली. ती ऐकत ऐकत टेबलावर काड्या मांडत गेली. त्रिकोण मिटेचना, एक काडी तर जमिनीवर गेली. ती म्हणाली, “मॅडम, तुम्हाला सगळं एकदम दिसतं, म्हणून कुठूनही सुरुवात करता. मला आधी काय ठेवू आणि मग त्याला काय जोडू, ते सांगा.” पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्रिकोण मिटला, पण पुढे वर्तुळं आहेत, आणि माझी भूमिती कशी आहे ते तुझ्याइतकं कोण जाणतं!

भावोजी सांगत होते, नजर गेल्यापासून तू खिडकीशी बसून असतेस, कुणी आलं की झोपल्याचं सोंग घेतेस. “फळा न दिसणाऱ्या बाईंना आता कोण विचारतंय,” असंही म्हणालीस म्हणे.

मी विचारतेय. समजूत घालायला नाही, कामासाठी. तुला भूमिती तोंडपाठ आहे आणि न बघता चाचपडणं म्हणजे काय, हेही आता तुला कळतं. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नाही. साहेबांना तुझं नाव सांगून मोकळी झालेय, हवं तेवढं रागाव. सोबत स्पर्शिकेच्या आकृतीचं माझं वर्णन पाठवलंय. त्यात चूक आहे, एवढं मला कळतंय, कुठे ते कळत नाही. सोमवारी ती मुलगी काड्या घेऊन येईल. तिने चुकीचं मांडायच्या आत फोन कर.

तुझीच,
भूमितीत काठावर पास झालेली धाकटी