डब्याच्या चार खिडक्या

कर्जत, मंगळवार

…पाणी भरून झालं होतं, एक भाकरी तव्यावर होती, दुसरी परातीत थापत होते, तेवढ्यात ओटीवर खाडकन आवाज झाला. मग माजघरात एक, माजघरातच दुसरा, आणि चौथा अगदी माझ्या कानाशी, कारण चौथी खिडकी चुलीच्या वर. दोन्ही अंगठ्यांनी खटके दाबायचे आणि काच भिंतीच्या पोटात सोडून द्यायची, हे तुमच्या दादांचं सकाळचं पहिलं काम. ते झालं की हात झटकून म्हणायचे, "चहा." त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. मी चहा दिला, ते कामावर गेले, संध्याकाळी येऊन त्यांनी काचा पुन्हा वर ओढल्या. पण आठवते ती नेमकी तीच सकाळ. भाकरी करपली होती आणि ते काही बोलले नव्हते, एवढंच तिचं वैशिष्ट्य.

पाहा भाऊजी, कागदाच्या डोक्यावर जयभीम लिहायचं राहिलं आणि मी भाकऱ्या थापत बसले. तर चिरंजीव कोंडीराम भाऊजी आणि सौ. जना यांना पारूबाईचा मनापासून जयभीम. तुमची कंबर कशी आहे? मोहोपाड्याच्या डॉक्टरनं दिलेला पट्टा लावता, की खुंटीला टांगून ठेवलाय? (तुमच्या दादांनी चष्मा असाच टांगून ठेवला होता, म्हणून विचारते.) जनाचे गुडघे काय म्हणतात? शेळी व्याली का? माझी तब्येत ठीक आहे. एका बोटाला चिंधी बांधलीय म्हणून अक्षर वाकडं येतंय, मन वाकडं आहे असं समजू नका.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, "वहिनी, नव्या खिडक्या कशा हायेत?" मी उत्तर दिलं नाही, कारण चार ओळींत ते मावणार नव्हतं. आता सगळं सांगते. जना ऐकत असेल तर मोठ्यानं वाचा, तिला हसू येईल. जिथं सांगेन तिथं मात्र मनात वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, आपलं घर डब्यासारखं एका ओळीत. मागं चढण, म्हणून चारही खिडक्या पुढच्या बोळाकडे. रेल्वेच्या मोडीत निघालेल्या डब्याच्या त्या खिडक्या तुमच्या दादांनी लिलावात घेतल्या आणि भिंत बांधताना प्रत्येकीखाली पोकळी ठेवून बसवल्या. तेव्हा सगळी वस्ती बघायला आली होती. समोरच्या भीमाबाईनं विचारलं होतं, "पारू, घर कुटल्या टेशनाला थांबतं गं?" मलाही लाज वाटायची. लोकांच्या खिडक्यांना दारं असतात, आपल्या खिडकीची काच जमिनीत बुडते. मी पुष्कळ वर्षं त्यावरून बोलून घेतलं. ते ऐकून घ्यायचे आणि खटक्यांना तेल घालायचे.

ते गेल्यावर तेल घालणारं कुणी राहिलं नाही. मी घातलं, पण गोडं तेल घातलं. त्यावर धूळ बसून त्याची चिक्की झाली. ओटीवरची काच वर राहीना. लाटण्याचा टेकू दिला तर लाटण्यासकट खाली जायची. (ते लाटणं अजून भिंतीतच असेल असं मला वाटत होतं. खिडक्या काढल्या तेव्हा पाहिलं. नव्हतं. उंदरांनी नेलं म्हणावं तर उंदीर लाटणं घेऊन करणार काय?) माजघरातल्या दोन्हींच्या लाकडी पट्ट्या खालून कुजल्या. गजा सुताराला बोलावलं. त्यानं एका तावदानाला खालून नवी पट्टी जोडली, रंधा मारला आणि म्हणाला, "लोण्यावानी चाललं, वयनी." चाललं खरं. मग पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि काच मध्येच अडकली, ती दसऱ्यापर्यंत ना वर ना खाली. पाऊस आत आणि वारा बाहेर. तेव्हा आपल्या सदूनं मनावर घेतलं. तो खोपोलीला कामाला लागल्यापासून त्याला घराची लाज वाटते असं मी म्हणणार नाही, पण मुलगी बघायचं ठरत होतं आणि पाहुणे घरी येणार होते. तो म्हणाला, "आये, कॉलनीत सगळ्यांच्या खिडक्या उघडतात, आपलीच तेवडी बुडती." मी हो म्हटलं. पोराचं लग्न मोठं की खिडकी मोठी?

पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. तुम्ही टेंपो घेऊन आलात, चारही खिडक्या चौकटींसकट तुमच्या घराला बसवायला उचलल्या. जाताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, येकादी ठेवा हवी तर." आणि मी म्हटलं, "न्या भाऊजी, मला घरात रेल्वे नको." लोकांसमोर म्हटलं, म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं. टेंपो वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिथंच उभी होते, ते तुम्हाला दिसलं नसेल.

गजानं नव्या खिडक्या केल्या सागाच्या. काचा स्वच्छ, बिजागऱ्या पितळी, पोकळ्या विटांच्या तुकड्यांनी बुजवून वरून गिलावा. बघणारा बघत राहील. दोन दोन दारं, बाहेर उघडणारी. पहिल्या सकाळी मी ओटीवरची खिडकी उघडली ती सरळ भीमाबाईच्या डोक्यावरच्या हंड्याला लागली. भाऊजी, आपला बोळ किती रुंद आहे हे इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आपली खिडकी कधी बोळात आलीच नव्हती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं, एवढाच तो बोळ. त्यात आता माझी आठ दारं. भिजलेली भीमाबाई वर बघून म्हणाली, "पारूबाय, तुजी खिडकी हाय का बैल गं? शिंगं काडून हुबी ऱ्हाती." दुसऱ्या दिवशी खराच बैल आला, काळूरामचा. त्याच्या शिंगात माजघराचं एक दार अडकलं. बैलाला मागं जायचं माहीत नाही आणि दाराला पुढं जाता येत नाही. बोळात दोन्हीकडे माणसं तुंबली. काळूराम बैलाची समजूत घालत होता, मी दाराची घालत होते. शेवटी बिजागरी निघाली आणि बैल दारासह घरी गेला. संध्याकाळी काळूरामनं दार आणून दिलं, काच शाबूत. मला म्हणाला, "वयनी, उगडाची आसंल तर आदी हाळी देत जा." म्हणून काही दिवस मी खिडकी उघडण्याआधी "उघडतेय गं" असं ओरडत होते. भाजीवाल्यांनासुद्धा एवढं ओरडावं लागत नाही.

मग गजाला पुन्हा बोलावलं. म्हटलं, आत उघडणारी कर. त्यानं बिजागऱ्या फिरवल्या. आता बोळ सुखी झाला आणि घर दुःखी झालं. ओटीवर कॉट सरकवावी लागली. माजघरात एक दार भांड्यांच्या फळीला लागतं आणि दुसरं आरशाला. चुलीवरचं दार उघडलं की शिंकं हलतं, मिटलं की धूर आत. (बोट चेमटलं ते तिथंच.) पाहुणे आले त्या दिवशी मी सगळ्या खिडक्या बंद करून, काचा पुसून बसले होते. मुलीचे वडील भला माणूस, म्हणाले, खिडक्या फार सुरेख आहेत, पण उकडतंय. आणि मी नको नको म्हणेपर्यंत स्वतःच उठून त्यांनी कडी काढली. फळीवरची सगळी भांडी खाली आली. मुलीची आई हसायला लागली, मग मीही हसले आणि लग्न ठरलं. तेव्हा खिडक्यांना अगदीच वाईट म्हणता येत नाही. पण सदू पाहुण्यांना सोडायला गेल्यावर मी भांडी उचलता उचलता थांबले. एवढी हसण्यासारखी गोष्ट घडली होती आणि ती सांगायला घरात माणूस नव्हतं.

गजा परवा पुन्हा आला होता. मी तक्रार केली तेव्हा रंध्याशेजारी बसून विडी ओढत म्हणाला, "आवो वयनी, खिडकी म्हंजी उगडल्यावर कुटंतरी जानारच ना? भायेर नको, आत नको, मंग ठिवू कुटं ती?" कुठं ठेवायची ते एका माणसानं भिंत बांधतानाच ठरवलं होतं. आता कुणी म्हणेल की धर्माजीनं बोळ बघून, डोकं चालवून तशा खिडक्या आणल्या. मला तसं वाटत नाही. मिळाल्या म्हणून आणल्या असतील. पण आणल्या त्यांनी, आणि बोळातल्या कुणाला कधी लागल्या नाहीत. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी तेव्हा भीमाबाईची टेशनाची थट्टाच त्यांना ऐकवत होते.

सध्या चारही खिडक्या बंद असतात. सदू म्हणतो, "आये, आजून येक बल्ब लावू." दुपारी बल्ब लावून तांदूळ निवडते. खडा दिसतो, पण जेवताना दाताला लागतो तो वेगळाच.

तुमच्याकडे त्या जुन्या खिडक्या कशा शोभतात? तुम्ही लिहिलंत की तुमच्या भिंतीत पोकळी नाही, म्हणून काच खाली जात नाही आणि रोज सकाळी ती बाहेर काढून कॉटवर ठेवावी लागते. जनानं पडदे लावलेत हेही कळलं. निळे पडदे छान दिसत असतील. मला नव्या खिडक्यांचं काही दुःख नाही. काळाबरोबर चालावं. मुलांना मोठ्यांचे आशीर्वाद, जनाला जयभीम, तुमची कंबर जपा.

तुमची वहिनी,
पारूबाई

ता.क. इथून पुढं मनात वाचा. जना जवळ असेल तर तिला म्हणा, वहिनीनं पापडाची कृती पाठवलीय.
चुलीवरच्या खिडकीच्या चौकटीला एक लहान पत्र्याची पाटी आहे. "डोके अगर हात बाहेर काढू नये." तुमच्या दादांनी ती मला एकदाच वाचून दाखवली, मग मी भाकऱ्या करताना रोज बघत राहिले. कुठला आवाज कुठल्या आकाराचा ते हळूहळू लागत गेलं. पुढं वाण्याच्या पुड्यांवर तीच अक्षरं दिसायला लागली. माझी शाळा तेवढीच. त्या पाटीत म नाही, प नाही, स नाही, म्हणून ती अक्षरं मला फार उशिरा आली. धर्माजी आणि पारू, आमच्या दोघांच्या नावांत मिळून त्या पाटीतलं एक र तेवढं होतं, आणि तेही त्यांच्या नावात डोक्यावर चढून बसतं, हे मला किती तरी दिवसांनी कळलं. कळलं तेव्हा त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मंग, आता चढलाच हाय तर ऱ्हाऊ दे."
भाऊजी, ती एक खिडकी मला परत पाहिजे. नुसती पाटी काढून पाठवू नका. बाकी तीन जनाकडे राहू देत, तिच्या पडद्यांसकट.

ता.क. दुसरं. जनाला शेवटी सांगावं लागेलच, कारण तिच्या भिंतीला भोक पडणार. चुलीवरची माझी सागाची खिडकी गजाकडून उतरवून पाठवते, ती तिथं बसवा. तुमच्यासमोर बोळ नाही, मोकळं अंगण आहे. उघडली तर फार तर शेळीला लागेल. जना तुमच्यावर रागावली तर म्हणा, वहिनीच्या वयाला हे शोभत नाही, पण ती ऐकत नाही. तिनं माझ्यावर रागवावं, तुमच्यावर नको. सदूला मी अजून बोललेले नाही. तो शनिवारी येतो.

ता.क. तिसरं. बुधवार. काल पत्र बंद करायचं राहून गेलं. आज सकाळी गजाला बोलावून चुलीवरची नवी खिडकी काढून घेतली. खालचा गिलावा फोडून विटांचे तुकडे मी स्वतः उकरले. भोकाला गोणपाट लावलं.