खालची ओढ

४ मार्च

आले एकदाची! निम्मं सामान अजून खोक्यांत आहे, पण टेबल खिडकीशी लावून टाकलं. दोन खोल्या, कुरकुरणारा पलंग, आणि नळ असा की बंद करायला दोन्ही हात लागतात. समोर पंपघराचं पत्र्याचं छप्पर, वायूच्या दोन मोठ्या टाक्या आणि मधोमध बोअरचं लोखंडी तोंड. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मुठीएवढ्या दगडांवर जे करत बसले ते इथे खऱ्या जमिनीत चालतं. कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड टँकरने येतो, पाण्यात मिसळून खोल काळ्या खडकात सोडतात आणि तिथे त्याचा हळूहळू पांढरा दगड होतो. कायमचा.

धाकट्या बहिणीला फोनवर सगळं समजावलं. तिचं म्हणणं, पोटातला वायू बाहेर काढायला लोक डॉक्टरला पैसे देतात आणि तू आत भरायचा पगार घेतेस. हसून हसून पोट दुखलं.

केंद्रप्रमुख साहेबांना भेटले. माणूस गोड आहे. काहीही विचारलं की "बघू" म्हणतात. मागे सगळे त्यांना बघूसाहेबच म्हणतात, असं पंपावरच्या मामांनी कानात सांगितलं. या मामांना अख्खं केंद्र मामाच म्हणतं.

८ मार्च

आज विचित्रच झालं. मामांनी पंप बंद केला तरी वायू खाली जातच राहिला. ढकलायला कोणी नाही आणि बोअर आपणहून ओढतोय, उसाचा रस नळीने ओढावा तसा. दाबाचा काटा शून्याच्याही खाली. मामा खूश, पंपाची कटकट वाचली म्हणून. बघूसाहेब त्याहून खूश, विजेचं बिल वाचलं म्हणून. मी म्हटलं, अहो, खडक ओढत नसतो, खडकात ढकलावं लागतं. ते म्हणाले, बघू.

१३ मार्च

शेजारच्या तपासणीच्या बोअरमधून खडकाचा नमुना वर काढला. काळ्यात पांढऱ्या रेघा दिसतील या आशेने पेटी उघडली, तर काळं नावालाही नाही. सगळाच्या सगळा पांढरा, गुळगुळीत. हे व्हायला माझ्या हिशेबाने एक पिढी जायला हवी होती. आणि भरलेल्या खडकात आणखी वायू मावेल कसा? मग तो जातोय कुठे? ओढतंय काय?

साहेबांना नमुना दाखवला. त्यांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. महिनाअखेरीला पाहुणे येणार आहेत, त्यांच्या माहितीपत्रकात छापायचाय म्हणे. मी भिंतीशी बोलत होते.

१८ मार्च

धाकटी आठ दिवसांची सुट्टी काढून आली. आल्या आल्या कॅन्टीनमध्ये सोडा मागवला. बाटली उघडली, फस्स नाही की बुडबुडा नाही. दुसरी उघडली, तीही तशीच. कॅन्टीनवाला शपथेवर सांगत होता की माल कालचाच आहे. धाकटी म्हणाली, तुमच्याकडे सोड्याचासुद्धा जीव जातो वाटतं.

मला हसू आलं नाही. वायू मोजायचं मापक आणून हवा तपासली. हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नाही. प्राणवायू नेहमीसारखा, बाकी सगळं नेहमीसारखं, फक्त तेवढाच एक वायू कोणीतरी गाळून घेतल्यासारखा. पंपघरातल्या कुंड्या माना टाकून बसल्यात, मामा रोज पाणी घालतात तरी.

साहेब म्हणाले, मापक बिघडलंय, दुरुस्तीला पाठवा. मी दुसरं नेलं. तेही पाठवा म्हणाले.

२१ मार्च

कारखाना दुरुस्तीसाठी बंद. टँकर येणार नाहीत. एक टाकी रिकामी झाली आणि दुसरीला साहेबांनी कुलूप लावलं. ती पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायला राखीव!

मी आज आवाज चढवला. म्हटलं, खाली जे काही आहे त्याला आपणच सवय लावलीय. आता पुरवठा तोडलात तर ते मिळेल तिथून घेईल. हवेतला संपवलाच आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, "ते म्हणजे कोण?" मी बोअरकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, लेखी द्या, समितीपुढे ठेवू.

समितीची बैठक कधी? बघू.

२३ मार्च

मामा गेले.

खुर्चीत बसल्या बसल्या. मांडीवर वर्तमानपत्र, शेजारी चहा, चहाला अजून वाफ. चेहरा अगदी निवांत. गुदमरल्याची, तडफडल्याची खूण नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. त्यांच्या बायकोला घरी जाऊन मीच सांगितलं. ती एवढंच विचारत राहिली की हाक का नाही मारली त्यांनी.

मला माहीत आहे का नाही मारली. माणूस श्वास घेतो तो प्राणवायू हवा म्हणून नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो मेंदूला टोचणी देतो, म्हणून घेतो. ती टोचणीच काढून घेतली तर जीव घाबरत नाही, छाती भरून येत नाही. श्वास घ्यायचा राहून जातो. बस.

हे साहेबांना सांगितलं. त्यांनी मला रजा घ्यायला सांगितली.

२४ मार्च

आज माझ्यावरही तीच वेळ आली. टेबलाशी लिहीत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कळलं की मघापासून श्वासच घेतला नाहीये. ओठांना मुंग्या. बोटं आत वळलेली, सरळ होईनात. मुद्दाम श्वास घेतला, मग बरं वाटलं. मुद्दाम! जसा चमचा उचलावा तसा.

धाकटीचंही तेच. कागदी पिशवीत तोंड घालून आपलाच उच्छ्वास परत घेऊन पाहिला. उपयोग नाही. पिशवीत सोडलेलासुद्धा तिथे राहत नाही.

उद्या पहाटे निघायचं. रजा मिळालीच आहे!

२५ मार्च

निघालो. धाकटी गाडी चालवत होती, नेहमीसारखी बडबडत. बोलताना श्वास घ्यावाच लागतो, म्हणून मीही बोलत ठेवलं. घाटाच्या वळणावर ती वाक्याच्या मधेच गप्प झाली. डोळे उघडे. मी ओरडले, हलवलं, गाडी खड्ड्यात.

ती शुद्धीवर आहे. पाय मोडलाय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अँब्युलन्स निघाली म्हणाले. आली नाही. परत फोन केला, कोणी उचलत नाही.

तिला पाठुंगळीला घेऊन केंद्रावर परत आणलं, तेच जवळ होतं. वाटेत मी मोठ्याने म्हणत होते, घे, सोड, घे, सोड. फाटकावरचा पहारेकरी बाकावर बसलेला. निवांत. मी थांबले नाही.

राखीव टाकीचं कुलूप दगडाने फोडलं. बोअरकडची झडप पूर्ण उघडली. खाली घरघर झाली, खूप खोल.

आणि श्वास आला. आपोआप. दोघी रडलो. इतका स्वस्त आणि इतका गोड—

२६ मार्च

टाकीचा काटा झरझर उतरतोय. झडप कमी केली की लगेच मुंग्या येतात. ते भागवून घेत नाही. वाढवून मागतं.

साहेबांना फोन. म्हटलं कुठूनही टँकर आणा, पाया पडते. पहिल्यांदाच त्यांनी बघू म्हटलं नाही. म्हणाले, तुम्ही म्हणालात ते मला आता— घरी माझी मुलगी सकाळपासून—

पुढे काही नाही. फोन चालू होता. मी किती वेळ हॅलो हॅलो करत राहिले.

दुपार

टाकी संपली.

पाळी लावलीय. एकीने झोपायचं, दुसरीने खांद्यावर हात ठेवून सांगायचं. घे. ती झोपेतही ऐकते. लहानपणी कधी ऐकलं नाही.

घे.

तिच्या पायाला ताप आहे. झोपू दे. मी लिहिते म्हणजे डोळा लागणार नाही. खिडकीतून लख्ख ऊन. इतका स्वच्छ दिवस—

घे.

साहेबांचा राग येतो. अजूनही येतो. राग आला की छाती हलते. बरंय.

घे. सोड.

घे

ती जागी झाली. माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं नीज, मी आहे. काहीतरी ओरडतेय. माझा हात ओढतेय. म्हणते ताई तू मघापासून नुसती लिहितेयस, ताई तुझी छाती हलत—

त्रास काहीच नाही गं. उलट हलकं वाट